लढ्याची मराठी गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोवाड्यापासून कामगारवस्तीतल्या कलापथकापर्यंत आणि भीमगीतांपासून १९६२ च्या समरगीतांपर्यंत लढ्याच्या गाण्यांचा मोठा साठा मराठीत आहे. शिवजयंतीला, १४ एप्रिलला, १ मेला, कॉलेजच्या गॅदरिंगला ती अजून दणक्यात वाजतात. पण बऱ्याचदा अर्धीच वाजतात. शेवटची कडवी गळालेली असतात, रचणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. गाणी बसवणारी मुलं, शाळेतले शिक्षक आणि मंडळांचे कार्यकर्ते जे प्रश्न हमखास विचारतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं देताना आग्रह एकच धरला आहे : गाणं पूर्ण म्हणा आणि ज्यानं रचलं त्याचं नाव घेऊन म्हणा.

पोवाडा म्हणजे युद्धाचंच गाणं का?

सुरुवात तिथूनच झाली, पण पोवाडा तिथे थांबला नाही. लढाई, वीराचा पराक्रम, किल्ला घेणं हे त्याचे जुने विषय. पानिपतावर पोवाडे झाले, खर्ड्याच्या लढाईवर झाले. पुढे दुष्काळ, साथीचे रोग, गिरण्यांचे संप, निवडणुका, सगळंच पोवाड्यात आलं. घडलेली गोष्ट क्रमाने, ठसक्यात आणि बाजू घेऊन सांगणं हा त्याचा गाभा आहे. पोवाडा तटस्थ नसतो. शाहीर कुणाच्या बाजूने उभा आहे हे पहिल्या चौकातच, म्हणजे पोवाड्याच्या पहिल्या भागातच कळतं.

सगळ्यात जुना पोवाडा कोणता?

उपलब्ध पोवाड्यांत अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा सगळ्यात जुन्यांपैकी मानला जातो. प्रसंग १६५९ चा आहे. सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, त्यावरचा तुळशीदासाचा पोवाडा तितकाच प्रसिद्ध. हे पोवाडे शतकानुशतकं तोंडीच फिरत होते. हॅरी अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते गोळा करून १८९१ मध्ये छापले. पुढे य. न. केळकरांनी 'ऐतिहासिक पोवाडे' संपादित केले. आज पाठ्यपुस्तकात जे तुकडे भेटतात ते बहुतेक या दोन संग्रहांच्या आधाराने आलेले आहेत.

प्रत्येक ओळीनंतर 'जी जी रं जी' कशासाठी म्हणतात?

पोवाडा उभ्याने म्हणतात, चढ्या सुरात म्हणतात, आणि तो तासभरही चालू शकतो. मुख्य शाहीर ओळ टाकतो. ओळीचं शेपूट मागचे झिलकरी उचलतात आणि 'जी जी रं जी' म्हणत वर नेतात. तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ मनात जुळवतो, आणि समोर बघतो. गर्दी थंड असेल तर तीच ओळ पुन्हा टाकतो. तापली असेल तर थेट पुढच्या चौकात शिरतो. मध्येच थांबून दोन वाक्यं गद्यात सांगतो, कारण लढाईचा नकाशा गाण्यात बसत नाही. डफ डाव्या हातात, छातीपाशी. तुणतुण्याची एकच तार सूर धरून ठेवते आणि झांज ठेका बांधते.

हल्ली झिलकऱ्यांचं काम कीबोर्डवर सोपवलं जातं. मला ते पटत नाही. झिलकरी ही गर्दीची पहिली रांग असते. त्यांनी ओढून धरलं की बसलेली माणसंही नकळत 'जी जी' म्हणू लागतात, आणि मग पोवाडा एकट्या शाहिराचा राहत नाही.

पोवाड्याच्या शेवटी शाहीर स्वतःचं नाव का घालतो?

ती जुनी रीत आहे. अभंगात 'तुका म्हणे' येतं तसंच पोवाड्यात शाहिराचं नाव येतं, पुष्कळदा गुरूचं आणि गावाचंही येतं. छापखाना नसताना रचनेची मालकी जपायची ही एकच सोय होती. म्हणून नावाची ओळ 'जास्तीची' समजून कापू नये. बाकीच्या चार ओळी वगळाव्या लागल्या तरी चालेल, ही राहू द्या.

महात्मा फुल्यांनी पोवाडा लिहिला होता हे खरं आहे का?

हो. १८६९ मध्ये जोतीरावांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून प्रसिद्ध केला. त्यात महाराज 'कुळवाडीभूषण' आहेत, शेतकऱ्यांचा राजा आहेत. वीररसाचा हा जुना प्रकार जोतीरावांनी सामाजिक वादात उतरवला. महाराज कुणाचे, हा वाद मराठीत आजही गाण्यांतून खेळला जातो, आणि त्याची छापील सुरुवात बरीचशी इथे आहे.

जलसा म्हणजे काय? तमाशापेक्षा तो वेगळा कसा?

साचा तमाशाचाच. ढोलकी तीच, गण (सुरुवातीचं गणेशस्तवन) आहे, बतावणी (विनोदी संवाद) आहे, सवाल-जबाब आहेत. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि पुढे त्याच्या कार्यकर्त्यांनी हा साचा उचलून आतला मजकूर बदलला. भटशाही, सावकारी, शिक्षण, लग्नातला खर्च यांवर जलशांतून बोललं जाऊ लागलं. ज्या गावात भाषणाला कुणी आलं नसतं तिथे रात्रभर माणसं बसून राहायची.

आंबेडकरी जलसा त्याच वाटेने आला. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा आणि नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० ला सुरू झाला. या लढ्यांचा अर्थ वाडी-वस्तीवर पोचवायचं काम जलशांनी केलं. त्यात नाशिककडचे भीमराव कर्डक यांचं नाव अग्रभागी येतं. वामनदादा कर्डक वेगळे. आडनाव एक असल्यामुळे दोघांची गल्लत नेहमी होते.

इंग्रजांनी गाण्यांबद्दल खरंच शिक्षा केली होती?

केली होती, आणि ती जन्मठेपेची होती. बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या खटल्यात त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा होता त्यांनी छापलेली एक छोटी कवितापुस्तिका. इंग्रज सत्तेविरुद्ध युद्धाला चिथावणी, असा तिचा अर्थ कोर्टाने लावला. नाशिकमध्ये त्या काळी कवी गोविंदांची गाणी तरुणांच्या तोंडी होती. त्यांचं 'रणावीण स्वातंत्र्य कोणा मिळाले' आज शाळांत वीरगीत म्हणून बसवतात. कवी गोविंद पायांनी अधू होते, घराबाहेर पडणंही त्यांना अवघड होतं, आणि त्यांच्या शब्दांची सरकारला धास्ती होती.

गणेशोत्सवात गाणाऱ्या पथकांच्या, म्हणजे मेळ्यांच्या पदांवरही पोलिसांची नजर असे. वि. दा. सावरकरांचे तानाजी आणि बाजीप्रभूंवरचे पोवाडे सरकारने आक्षेपार्ह ठरवले होते. ही गाणी 'ऐतिहासिक' विषयांवरची होती, मग सरकारला त्यात धोका कुठे दिसला? ऐकणाऱ्याला मोगलाच्या जागी इंग्रज दिसत होता, आणि ते सरकारलाही कळत होतं.

लाल बावटा कलापथक म्हणजे काय?

१९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी मुंबईत उभं केलेलं पथक. तिघेही कम्युनिस्ट चळवळीतले. अण्णा भाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, मातंग समाजातले. शाळेत टिकले नाहीत, पोरवयात मुंबईला आले, मिळेल ते काम केलं, गिरणीतही राबले. अमर शेख बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गाडीवर क्लीनर होते, गिरणी कामगार होते. त्यांचा आवाज ज्यांनी समोर बसून ऐकला ती माणसं 'पहाडी' हाच शब्द वापरतात.

दुसरं महायुद्ध चालू होतं. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. व्होल्गाकाठची लढाई मुंबईच्या कामगारवस्तीत डफावर ऐकवली गेली, आणि ऐकणाऱ्यांना ती परकी वाटली नाही. बंगालच्या दुष्काळावरही त्यांनी रचना केली. 'मुंबईची लावणी'त त्यांनी मलबार हिलची श्रीमंती आणि परळचा घाम समोरासमोर ठेवला. मुंबईची तारीफ करणाऱ्या लावण्या आधीही होत्या. ही लावणी चाळीच्या गॅलरीतून मुंबईकडे बघते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा त्याच घाटाचा खेळ 'लोकनाट्य' या नावाने उभा राहिला. त्याचं श्रेय अण्णा भाऊंना दिलं जातं. नाव बदललं, ढोलकी तीच राहिली.

'माझी मैना' हे प्रेमगीत आहे की चळवळीचं गाणं?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर गाण्यातच आहे. पण त्यासाठी ते शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

ही अण्णा भाऊंची छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार. सुरुवातीला गावाकडे राहिलेल्या बायकोचं वर्णन आहे. तिचा बांधा, गव्हाळ रंग, तिचा मोठा स्वभाव. मग निघायची वेळ येते. नवरा पोटासाठी मुंबईला निघालाय, ती वाटेवर उभी आहे. तो मुंबईत येतो तर इथे बेकारांची गर्दी. इथपर्यंत हे प्रत्येक गिरणी कामगाराचं गाणं आहे. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या हजारो पुरुषांचं कुटुंब गावालाच होतं. खानावळीत जेवायचं, खोलीत पाळीने झोपायचं, मनिऑर्डर लावायची आणि सणाची वाट बघायची.

आणि मग गाणं वळतं. मैनेची भेट नाही तशीच गत खंडित महाराष्ट्राची झाली, असं शाहीर म्हणतो. बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा, डांग, उंबरगाव ही नावं एकामागून एक येतात. विरहाचं जे दुःख इतका वेळ एकट्या माणसाचं वाटत होतं ते सगळ्या मुलखाचं होतं. शेवटी शाहीर समोरच्या गर्दीला बजावतो : आता वळू नका, रणात पळू नका, 'बिनी मारायची अजून राहिली' (बिनी म्हणजे आघाडीची फळी). ध्रुवपदात मैना 'राहिली' होती. शेवटच्या ओळीत तेच यमक लढाईला जाऊन भिडतं. एकाच तालावर, एकाच यमकावर माणूस घरच्या आठवणीतून मोर्चात येऊन उभा राहतो. ही कारागिरी मला मराठी गीतरचनेतल्या सर्वोत्तम गोष्टींपैकी वाटते.

आज वरातीत आणि रिअ‍ॅलिटी शोमध्ये पहिली दोन कडवी म्हणतात आणि टाळ्या घेऊन थांबतात. म्हणजे विरह ठेवतात आणि त्याचं कारण कापतात. मैना गावाकडे राहिली ती या माणसाला मुंबईत पोट भरावं लागलं म्हणून. अण्णा भाऊंना तेच सांगायचं होतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरांचं काम नेमकं काय होतं?

२१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत पुन्हा गोळ्या चालल्या. चळवळीत १०६ माणसं गेली असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका व्यासपीठावर आले. नेत्यांची भाषणं प्रत्येकाच्या आपापल्या सुरात व्हायची. पण शाहीर उभा राहिला की पक्ष विसरून सगळं मैदान एका ठेक्यात यायचं.

सभेच्या आधी शाहीर, नेते यायला उशीर झाला तरी शाहीर, गोळीबाराच्या बातमीने लोक सुन्न झाले असतील तेव्हाही शाहीरच. अमर शेख, अण्णा भाऊ, गवाणकर यांच्याबरोबर शाहीर आत्माराम पाटील होते. 'संयुक्त महाराष्ट्र उगवतोय सरकार, खुशाल कोंबडं झाकून धरा' ही त्यांची ओळ. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही घराघरातली म्हण त्यांनी थेट सरकारच्या तोंडावर टाकली. ज्याला राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल वाचता येत नव्हता त्यालाही ही ओळ एकदा ऐकून पाठ होत होती.

१९५७ च्या निवडणुकीत मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला जबर तडाखा दिला. १ मे १९६० ला राज्य झालं, मुंबईसह. बेळगाव, कारवार, निपाणी त्यात आले नाहीत. अण्णा भाऊंच्या छक्कडीतली यादी अजून तशीच आहे.

'जय जय महाराष्ट्र माझा' हे चळवळीचं गाणं आहे का?

हे गाणं राज्याच्या स्थापनेच्या आनंदातलं आहे. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळे यांचा. साबळे सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यातल्या पसरणीचे, आणि त्यांचा आवाज घडला तो स्वातंत्र्यलढ्याच्या आणि समाजप्रबोधनाच्या शाहिरीत. त्यामुळे गाण्याला चळवळीची धग आपोआप आली. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते अधिकृत राज्यगीत आहे. राज्यगीत म्हणून दोन चरणांचं, १ मिनिट ४१ सेकंदांचं रूप ठरवलं आहे. सरकारी कार्यक्रमात तेच वाजवा. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात मूळ गाणं पूर्ण म्हणायला काहीच हरकत नाही.

शाहिरांच्या यादीत गोवा होता. गोवेकरांचं काय म्हणणं होतं?

हा प्रश्न मराठी माणसाने विचारायलाच हवा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. विलीनीकरणाच्या विरोधात 'जय गोमंतक कलापथक' गावोगाव फिरलं. उल्हास बुयांव गात होते, मनोहरराय सरदेसाई आणि उदय भेंब्रे यांच्यासारखे कवी कोकणीत गाणी लिहीत होते. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा.

कलापथक हे जे हत्यार मुंबईत मराठी राज्यासाठी चाललं तेच सात वर्षांनी गोव्यात मराठी राज्यात जायचं नाही म्हणून चाललं, आणि तितक्याच प्रामाणिकपणे चाललं. दोन्हीकडची गाणी शेजारी ठेवून ऐकली तर दोन्हीकडची माणसं समजतात. बुयांवांची गाणी मराठी घरांत फारशी ऐकली जात नाहीत. जरूर मिळवून ऐका.

१९६२ च्या युद्धातली मराठी गाणी कोणती?

वसंत बापट यांचं 'उत्तुंग आमुची उत्तर सीमा, इंच इंच लढवू' शाळाशाळांत पोचलं. बापट राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातले, म्हणून ते गाणं समूहाने म्हणायला इतकं सोपं आहे. 'छोटा जवान' या १९६३ च्या चित्रपटात ग. दि. माडगूळकरांचं 'जिंकू किंवा मरू' आलं. संगीत वसंत देसाई, आवाज महेंद्र कपूर. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लता मंगेशकरांनी 'ऐ मेरे वतन के लोगों' गायलं. ते हिंदी, शब्द कवी प्रदीप यांचे, पण त्याची चाल बांधणारे सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे.

या गाण्यांबद्दल माझं एक मत आहे. समरगीतं मागे राहिलेल्यांनी पुढे गेलेल्यांसाठी लिहिलेली असतात. त्यांत जोश आहे, कृतज्ञता आहे, पण थंडी नाही, भीती नाही, घरून आलेलं पत्र नाही. म्हणून ती संचलनाला शोभतात, आणि सैनिकाच्या घरी काय चाललं होतं हे कळायला दुसरीकडे जावं लागतं.

म्हणजे कुठे?

जात्यावर. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याची ४६ माणसं पहिल्या महायुद्धात कामी आली, आणि सैन्यात माणसं पाठवणारी अशी गावं पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. तिथल्या बायकांनी मेळे काढले नाहीत की डफ धरला नाही. त्या पहाटे दळता दळता बोलल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, सासुरवास, पाऊस, पंढरी यांच्या बरोबरीने त्यात बाबासाहेब आहेत, जातीचा जाच आहे, दारू आहे, नवऱ्याची मारहाण आहे. ओवीला मोर्चा लागत नाही. तीही निषेधाचंच गाणं आहे, आणि लढ्याच्या गाण्यांच्या कार्यक्रमात तिला जागा मिळत नाही याचं मला वाईट वाटतं. पुढच्या कार्यक्रमात पोवाड्याआधी पाच ओव्या ठेवून बघा.

वामनदादा कर्डक यांच्याबद्दल थोडक्यात सांगाल का?

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १९२२, निधन २००४. मुंबईत कष्टाची कामं करत मोठेपणी अक्षरं शिकले आणि पुढे आयुष्यभर लिहीत, गात फिरले. 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते' हे गाणं बाबासाहेबांच्या अनुयायांनाच आरसा दाखवतं. शत्रूला शिव्या देणं सोपं असतं. आपल्याच सभेत, आपल्याच माणसांसमोर उभं राहून 'तुम्ही तसे पाच तरी आहात का' असं विचारायला जास्त धैर्य लागतं. १४ एप्रिलला डीजेवर हे गाणं लागतं तेव्हा शब्द ऐकू येतील इतका आवाज कमी करावा.

आणीबाणीवरचं एखादं मराठी गाणं आहे का?

लोक पहिलं नाव घेतात सुरेश भटांच्या 'उषःकाल होता होता'चं. 'सिंहासन' या १९७९ च्या चित्रपटात ते आलं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज आशा भोसले यांचा. त्यात कुठल्याच सरकारचं नाव नाही, म्हणून नंतरच्या प्रत्येक आंदोलनाने ते आपलं मानलं.

अशी शाहिरी आज शिल्लक आहे का?

आहे, आणि तिची किंमतही मोजली गेली आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. झोपडपट्टीतल्या माणसांची गाणी लिहिणारा, गाणारा हा माणूस. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट तिथून सुरू होतो. तो पुरा व्हायला १४ वर्षं लागली, २०११ मध्ये आला. शाहिरी आजही कुठे जिवंत आहे हे बघायचं असेल तर तो बघा.

संभाजी भगत यांची गाणी रस्त्यावर, रंगभूमीवर आणि 'कोर्ट' या चित्रपटातही ऐकायला मिळतात. त्या चित्रपटात एका वयस्कर लोकशाहिरावर त्याच्या गाण्यावरून खटला चालतो. १९०९ च्या नाशिकची आठवण ज्यांना आहे त्यांना तो खटला ओळखीचा वाटेल.

ही गाणी जाहीर कार्यक्रमात म्हणायला परवानगी लागते का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्व हक्क राहतो. जुने पोवाडे आणि फुल्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादांचा अजून कित्येक वर्षं राहील. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सवलत आहे. तिकीट लावणार असाल, रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर टाकणार असाल किंवा जाहिरातीत वापरणार असाल, तर हक्कदाराशी आधी बोला. चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, हेही लक्षात ठेवा.

शब्द बदलून आजच्या विषयावर गाणं केलं तर चालेल का?

चाल उचलून नवे शब्द घालणं ही शाहिरीची जुनीच पद्धत आहे. लावणीच्या चालीवर कामगारांची गाणी झाली, सिनेमाच्या चालींवर भीमगीतं झाली. पण मग ते तुमचं गाणं, त्याखाली तुमचं नाव घाला. मूळ शाहिराच्या नावावर बदललेले शब्द खपवू नका. त्यातही निवडणुकीसाठी करत असाल तर दुप्पट काळजी घ्या. अण्णा भाऊंची ओळ कापून, त्यांनी ज्यांच्याविरुद्ध ती लिहिली त्यांच्याच प्रचाराला लावलेली मी ऐकली आहे.

पहिल्यांदाच बसवतोय. कुठून सुरुवात करू?

शब्द व्हॉट्सअ‍ॅपवरून घेऊ नका. अण्णा भाऊंचं निवडक वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापलं आहे, ते बऱ्याच ग्रंथालयांत मिळतं. छापील शब्द समोर ठेवून एकदा नुसते वाचा, चाल न लावता. कुठल्या वर्षी, कुठल्या प्रसंगी रचलं हे सगळ्या मुलांना सांगा, नाहीतर 'बिनी' म्हणताना त्यांचा आवाज पडतो.

माणसं सात-आठ पुरेत. एक मुख्य, तीन-चार झिलकरी, ढोलकी, डफ, झांज. मुख्य आवाज मुलीचा असेल तर पट्टी तिच्या सोयीने बांधा, पुरुषांच्या पट्टीत तिला ओढू नका. कातड्याचा डफ असेल तर कार्यक्रमाआधी शेकून घ्या. पावसाळ्यात कातडं सैल पडतं आणि थाप बसत नाही. विस्तवाजवळ धरून फिरवत राहा, एका जागी धरलं तर तडकतं. बोटाने टिचकी मारून आवाज खणखणीत आला की थांबा. हल्ली फायबरचा डफ मिळतो, त्याला शेकायला लागत नाही, आवाज मात्र कोरडा येतो.

आणि माइक एकच असेल तर तो झिलकऱ्यांना द्या. मुख्य शाहिराला उंच आवाजात म्हणायची सवय लागेल.